तान्हा पोळा, लाकडी बैल आणि आमच्या घरचा चिडका बिब्बा

खामलाकर (धागाकर्ता), रात्री ११.५०

काल आमच्या कॉलनीत तान्हा पोळा झाला. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो : मोठा पोळा खऱ्या बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा, लाकडी बैलांचा. पोरं धोतर-फेटा घालून सजवलेला बैल घेऊन येतात, तोरण तुटतं, बक्षिसं होतात आणि मग घरोघरी बोजारा (खाऊ, पैसे) मागत फिरतात. एकदम गोड प्रकार असतो. काल नव्हता.

आमचा छोटू साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. तोरण तुटायच्या आधीच रांगेत काहीतरी झालं. मी मंडपाच्या मागे चहा पीत उभा होतो. ओरडा ऐकून धावलो तर शेजारच्या विंगेतल्या मुलाच्या भुवईवरून रक्त आणि आमच्या बैलाचं एक शिंग रस्त्यावर. ह्याने बैलच फेकून मारला होता. सागवानी आहे, माझ्या आजोबांनी करवून घेतलेला. त्या मुलाला दोन टाके पडले.

मी छोटूला बखोटीला धरून घरी आणलं आणि खोटं कशाला बोलू, जिन्यात एक ठेवूनही दिली. मग चाळीस मिनिटं भोकाड. शेवटी धोतरातच झोपला, फेटा सोफ्याखाली.

हे पहिल्यांदा नाही. सापशिडीत हरला की पट उलटा. घसरगुंडीवर नंबर लागेपर्यंत दम नाही, पुढच्याला ढकलणार. मोबाइल काढून घेतला की हातपाय आपटणार. शाळेच्या डायरीत 'हात उचलतो' हे ह्या वर्षी तिसऱ्यांदा आलंय. एरवी इतका लाघवी आहे की काय सांगू, पण पाच मिनिटं थांब म्हटलं की संपलं. हा हट्टीपणा आहे, वयाचा भाग आहे, की कुणाला दाखवायला पाहिजे? आणि ते भडकणं चालू असतं तेव्हा तुम्ही नेमकं काय करता?

---

तर्रीपोहे

भाऊ, एवढा इचार काहून करून राहिले? आमच्या बापानं आम्हाले पोळ्याच्या पाटावरच धुतलं असतं. दोन ठेवून द्या, सरळ होते पोट्टं.

---

वांगी_भात

तर्रीपोहे, त्याच्या बाबांनी एक ठेवून दिलीच की जिन्यात. झाला का सरळ?

---

महालातली बाई

शिशुवर्ग आणि पहिलीवर मिळून एकतीस वर्षं काढली, म्हणून चार ओळी.

आधी वयाचं. साडेसहा वर्षांच्या लेकराला नियम पाठ असतो, पण ऐन वेळी हात आवरत नाही. तो तुम्हाला दाखवायला मुद्दाम करत नसतो. मेंदूचा जो पुढचा भाग 'थांब' म्हणतो, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून पहिलीतल्या पोराचा ब्रेक कच्चाच असणार. तोवर बाहेरून ब्रेक लावणारं माणूस लागतं. ते माणूस स्वतःच भडकलेलं असेल तर गाडीला दोन ॲक्सिलरेटर.

तो भडकलेला असतो तेव्हा शिकवायला जाऊ नका. माझी रीत अशी : खाली बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. हात उचललाच तर मनगट धरायचं, पिळायचं नाही, आणि एकच वाक्य, 'मारू देणार नाही मी.' दुसरं वाक्य नको. 'का केलंस, किती वेळा सांगितलं, लोक काय म्हणतील' हे त्या वेळी त्याच्या कानात शिरतच नाही, नुसता आवाज वाढतो. 'सॉरी म्हण' तर अजिबात नको, कारण तेव्हाचं सॉरी म्हणजे सुटका करून घेण्याचा पासवर्ड असतो. श्वास खाली आला, पाणी प्यायला, मग बोला. काहींना अर्धा तास लागतो, काहींना दुसरा दिवस.

आता दोन प्रश्न. एक, त्या टाके पडलेल्या लेकराच्या घरी गेलात का? दोन, रांगेत नेमकं काय झालं होतं? तुम्ही सगळं लिहिलंत, तेवढं सोडून.

---

खामलाकर

बाई, पहिल्याचं उत्तर : मी आणि बायको काल रात्रीच जाऊन आलो. छोटूला नेलं नाही, झोपला होता. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. विचारलं तर म्हणतो 'राग आला'. कशाचा, तर 'असाच'.

---

वऱ्हाडी_ठेचा

ह्याला सगळ्यात सोपी चाचणी आहे. १९७०च्या आसपास स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल ह्या मानसशास्त्रज्ञाने केलेला मार्शमेलोचा, म्हणजे मऊ गोड गोळीचा प्रयोग. पोरासमोर एक गोळी ठेवायची, मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन देईन म्हणायचं आणि जायचं. जी पोरं थांबली ती पुढे अभ्यासात, आयुष्यात पुढे गेली. जी नाही थांबली ती मागे. स्वभाव लहानपणीच कळतो.

---

नाकासमोर

ठेचाराव, ती गोष्ट अर्धीच फिरते. मिशेलला स्वतःला जास्त रस होता तो पोरं थांबतात *कशी* ह्यात. गोळीकडे टक लावून बसलेली पोरं लवकर हरायची. तोंड फिरवणारी, गाणं म्हणणारी, 'हा ढग आहे' असं मनात आणणारी जास्त टिकायची. म्हणजे ही युक्ती आहे आणि युक्ती शिकवता येते.

मग २०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान ह्यांनी नऊशेहून अधिक मुलांवर तेच पुन्हा तपासलं. थांबण्याचा पुढच्या यशाशी संबंध मूळ आकड्याच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलाही बहुतेक भाग गळून गेला.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २०१३चा, रोचेस्टर विद्यापीठातला, सेलेस्ट किड ह्यांचा. गोळी द्यायच्या आधी मुलांना रंगवायला बसवलं. जुने खडू देऊन सांगितलं, थांबलात तर नवे भारी रंग आणून देते. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले. उरलेल्यांना 'अरे, माझ्याकडे नाहीतच' असं सांगितलं. मग स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तेच केलं, आणि त्यानंतर गोळी. ज्यांना शब्द पाळणारी बाई भेटली होती ती सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना थाप मिळाली होती ती ३ मिनिटं. सगळी मिळून २८च मुलं होती, पण फरक बघा. थाप खाल्लेल्या पोरांचं काय चुकलं? त्यांनी हिशेब बरोबर केला.

---

वांगी_भात

आपल्याकडे हा प्रयोग दर वर्षी गणपतीत होतो की. एकवीस मोदक समोर, वाफ येतेय, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यात 'घालीन लोटांगण' झाल्यावर काकांना आणखी एक आरती आठवते.

---

नाकासमोर

आणि तरी पोरं थांबतात! कारण आरतीनंतर प्रसाद मिळतोच, हे त्यांना जन्मापासून माहीत असतं. तिथे कुणी 'उद्या देतो' म्हणत नाही.

---

तर्रीपोहे

पोट्टे थांबतेत, काका नाई थांबत. आमच्या घरी मोठे बाबाच आरतीआधी एक मोदक हाणतेत.

---

ऑरेंज_सिटीची_आजी

माझा नातू पाच वर्षांचा. त्याला 'पाच मिनिटं थांब' म्हटलेलं कळत नाही, कसं कळणार, त्याला घड्याळ येतं कुठे? मी म्हणते, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की देते. मग तो ओट्याजवळ पाटावर बसून शिट्ट्या मोजतो. पहिली झाली की ओरडतो, 'आजी एक!' त्याचा थांबण्याचा खेळ होतो आणि माझा वरणभात. मात्र तिसरी शिट्टी झाली की हातातलं काम सोडून द्यायचं. फोन आला तरी.

सून म्हणते वाळूचं घड्याळ आणू. आण बाई.

---

सौ_त्रिमूर्तीनगर

जरा वेगळं लिहिते, कारण धाग्यात 'वयाचा भाग आहे' हे दोनदा आलं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं असतं. आमच्या बाबतीत नव्हतं.

माझी मुलगी आता तिसरीत आहे. तिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, अति चंचलपणा आणि स्वतःला आवरता न येणं. मुलींमध्ये चटकन लक्षात येत नाही म्हणतात, आमच्याकडे अगदी लख्ख दिसत होतं, तरी आम्ही दोन वर्षं 'आगाऊ आहे' म्हणत काढली. रस्त्यावर हात सोडून धावणं, गरम तव्याला दोनदा हात, वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. सासरचे म्हणायचे आईने लाडावून ठेवलंय. मी रात्री रडायचे आणि सकाळी तिच्यावर ओरडायचे.

डॉक्टरांनी आम्हाला जे विचारलं ते इथे लिहिते. सहा महिन्यांहून जास्त चाललंय का? घरीच होतं, की शाळेत, आजोळी, बागेत, सगळीकडे? कारण नुसतं एकाच ठिकाणी होत असेल तर आधी त्या ठिकाणी काय चाललंय ते बघायचं. बारा वर्षांच्या आत सुरू झालंय का? आणि त्यामुळे तिचं काही अडतंय का, म्हणजे अभ्यास, मैत्रिणी, जिवाला धोका. शिवाय झोप, ऐकू येणं, नजर हेही तपासलं. एका भेटीत शिक्का मारला नाही, शाळेकडूनही प्रश्नावली भरून घेतली. निदान करायचं काम बालमानसोपचारतज्ज्ञाचं किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञाचं. शाळेतल्या बाईंचं नाही आणि गूगलचंही नाही. लहान वयात आधी आईबाबांना शिकवतात, वागायचं कसं ते. औषधाचा विषय त्यानंतर, गरज वाटली तर.

खाजगीत परवडत नसेल तर मेडिकलला (नागपूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) मानसोपचार विभाग आहे. आणि नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा (मानसिक आरोग्य हेल्पलाइन) सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास. मी एका रात्री दीड वाजता लावलाय. स्वतःसाठी.

खामलाकर, तुमच्या छोटूला असंच काही आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण आठ-दहा दिवस वहीत लिहून ठेवा : किती वाजता, कुठे, आधी काय झालं, नंतर काय झालं. कुणाकडे गेलात तर उपयोगी पडेल, नाही गेलात तर आणखीनच.

---

वऱ्हाडी_ठेचा

सगळं ठीक आहे, पण जरा धाक हवाच. इतकं समजावत बसलो तर पोरं डोक्यावर मिरे वाटतील.

---

महालातली बाई

धाकाने पोर थांबतं, हे खरंय. धाक घालणारा समोर असेपर्यंत. वर्गात मी फळ्याकडे वळले की जी पोरं मारामारी करायची, ती बहुतेक घरी मार खाणारी असायची. शाळेत तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं बंदच केलंय. तरी आमच्यातल्या काहींचे हात शिवशिवायचे. माझेही, सुरुवातीची वर्षं.

नाही म्हणायचं तिथे नाहीच म्हणा. पट उलटला तर त्या दिवशी खेळ बंद, सोंगट्या त्यानेच गोळा करायच्या. त्यासाठी आवाज चढवायला लागत नाही.

आणि थांबणं शिकवायला आपल्या आयाबायांनी खेळ करून ठेवलेत, ते खेळा. 'डोंगराला आग लागली, पळा पळा पळा', आणि स्टॉप म्हटलं की पुतळा. 'शिवाजी म्हणतो'. स्टॅच्यू. ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या बाई मुलांचा आत्मसंयम कशाने मोजतात माहीत आहे? 'डोक्याला हात लाव' म्हटलं की पायाचे अंगठे धरायचे, 'अंगठे' म्हटलं की डोकं. उलटं करायचं. मी हे पहिलीत रोज दहा मिनिटं खेळायचे, मला काय माहीत त्याला टास्क म्हणतात. हरणाऱ्याला सगळे हसतात आणि तोही हसतो, ही त्यातली खरी कमाई. शांत असताना शंभर वेळा थांबलेलं पोर रागात एकदा थांबतं. उलटा हिशेब चालत नाही.

---

खामलाकर, सहा दिवसांनी

गणपती आले, दीड दिवसाचे होते, गेलेही. आता वहीचं सांगतो.

सहा दिवसांत सात वेळा भडकला. त्यातले पाच प्रसंग संध्याकाळी पाच ते साडेसहा. शाळेची व्हॅन त्याला सगळ्यात शेवटी सोडते, पाऊण तास उकाड्यात कोंबलेला असतो. ह्या दिवसांत पाऊस उघडला की नागपुरात कसं उकडतं, ते इथल्यांना सांगायला नको. डबा अर्धा परत येतो. घरी आला की आम्ही आधी हातपाय धू, मग गृहपाठ, मग खायला. बायको म्हणाली उलटं करू. आता दारातच लाह्यांचा चिवडा नाहीतर केळं हातात द्यायचं, दप्तर नंतर. दोन दिवस झाले, संध्याकाळी शांतता आहे. इतकं साधं होतं आणि मी मेंदूबिंदू वाचत बसलो होतो.

मोबाइलवरून मात्र अजून होतंय.

पण तान्हा पोळा भुकेमुळे नव्हता. ती गोष्ट काल कळली.

काल त्याला स्कूटरवर पुढे उभा करून फुटाळा तलावाला निघालो होतो. समोरासमोर बसून विचारलं की तो 'असाच' म्हणतो, स्कूटरवर तोंड पुढे असतं म्हणून असेल, बोलतो. बाईंनी विचारलेलं डोक्यात होतं. मी म्हटलं, 'राग कुठे आला होता रे, पोटात की हातात?' म्हणाला, 'आधी कानात.' कानात? 'कान गरम झाले.' मग सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, 'सगळे हसले. माझा बैल लंगडा म्हणाले.'

आमच्या बैलाला चाकं नाहीत. आजोबांच्या वेळची होती ती कधीच तुटली. बाकी पोरांचे बैल दोरीने ओढले की गडगड चालतात, हा आपला काखेत घेऊन उभा. आणि चाकं लावून द्यायचं कबूल कुणी केलं होतं? मी. श्रावण लागल्यापासून. 'उद्या लावू.' 'रविवारी लावू.' 'पोळ्याच्या आधी नक्की.' नाकासमोर ह्यांचा तो रंगांचा प्रयोग वाचला तेव्हाच काहीतरी टोचलं होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवत होता, आणि मी सवयीने मागे वळून त्याला काहीतरी सुनावणार होतो. छोटू म्हणाला, 'बाबा, तुमचे कान गरम झाले का?'

---

वांगी_भात

🙏 पुढे काय बोलणार.

---

महालातली बाई

कान गरम झाले म्हणाला ना, तो राग नव्हता हो. ती लाज होती. लेकरांकडे एकच शब्द असतो, राग, सगळ्यावर तोच चिकटवतात. हिरमोड झाला तरी राग, खजील झाला तरी राग, हेवा वाटला तरी राग, कंटाळा आला तरी राग. आपल्या भाषेत केवढे शब्द आहेत, द्या त्याला. 'रुसवा' तर असा आहे की त्याचा मान ठेवला जातो, रुसलेल्याला मनवायला जातात. आमच्या आईकडे धान्याच्या कोठीमागे रुसायची जागाच होती. तिथे बसलेल्याला कुणी काही बोलायचं नाही, फक्त पाण्याचा पेला ठेवून यायचं.

---

नाकासमोर

बाईंच्या म्हणण्याला जोड : भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची (भीती-रागाला जागा होणारा भाग) खळबळ उतरते, हे मॅथ्यू लिबरमन ह्यांच्या २००७च्या प्रयोगात दिसलं होतं. तो प्रयोग मोठ्या माणसांवर होता, तेव्हा खामलाकरांनीही करून बघायला हरकत नाही.

---

सौ_त्रिमूर्तीनगर

शाळेतला 'हात उचलतो' शेराही ह्याच नजरेने बघा. बाईंना भेटा, पण तक्रार ऐकायला नको, वही घेऊन. कोणत्या तासाला, कुणाच्या शेजारी बसल्यावर, ते विचारा. आणि दोन महिन्यांनी तरी फरक नसेल तर दाखवून या. दाखवण्यात काही जात नाही.

---

खामलाकर

शुक्रवारची वेळ घेतली आहे शाळेतल्या बाईंची. दाखवण्याचंही मनात ठेवतो.

काल संध्याकाळी इतवारीतून चार लाकडी चाकं आणली. शिंग फेव्हिकॉलने बसवलं, सांधा दिसतो, दिसू दे. भोकं मी पाडली, खिळे छोटूने धरले. तीनदा वाकडा गेला, तिसऱ्यांदा त्याने हातोडी उचलली फेकायला. मी काही बोललो नाही, अगदी ओठापर्यंत आलं होतं. त्याने हातोडी खाली ठेवली, गॅलरीत जाऊन कुंडीला एक लाथ घातली आणि परत आला. कुंडी मातीची होती, टिकली. हे प्रगतिपुस्तकात लिहावं की नाही, ठरत नाहीये.

मग बैल घेऊन आम्ही शेजारच्या विंगेत गेलो. सॉरी म्हणायचं काही ठरवलं नव्हतं. छोटू दारात उभा राहिला, त्या मुलाच्या भुवईकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'दुखते का?' तो म्हणाला, 'टाके काढताना दुखणार आहे.' मग छोटूने दोरी त्याच्या हातात दिली. म्हणाला, 'पहिले तू ओढ.'

रात्री नऊपर्यंत दोघं कॉरिडॉरमध्ये बैल पळवत होते. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांचे कान गरम झालेले होते.

---

तर्रीपोहे

काकाले बोजारा द्या भाऊ. अन् कुंडीचा फोटो टाका.